सुपारीच्या मागे

खोली भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा काकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "शनिवारी सकाळी मोकळा असतोस का?"

२००२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये खोली शोधणाऱ्या मराठी मुलाला साधारण तीन प्रश्न विचारले जायचे. नोकरी शिल्लक आहे का, स्वयंपाक येतो का, आणि मित्र किती वेळा राहायला येतात. या तिन्हींची उत्तरं मी तयार करून गेलो होतो. शनिवारच्या सकाळबद्दल काहीच तयारी नव्हती, म्हणून "असतो" म्हणालो.

"उठतोस किती वाजता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

हे धादांत खोटं होतं. अकोल्यात माझ्या आईनं पंचवीस वर्षं प्रयत्न करून मला आठच्या आत उठवलं नव्हतं.

"मग सामान आण," काका म्हणाले. "मला साक्षीदार पाहिजे. आधीचा मुलगा चांगला होता, पण त्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि तो फ्रीमाँटला राहायला गेला."

मला वाटलं, काहीतरी कोर्टाचं प्रकरण असणार. व्हिसावर असलेल्या माणसानं कोर्टाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, हे मला माहीत होतं. पण खोलीला स्वतंत्र बाथरूम होतं, आणि परसात लिंबाचं झाड होतं. मी सामान आणलं.

शनिवारी पावणेसहाला दारावर टकटक झाली. काका इस्त्री केलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचून, पट्टा लावून, कानाला मफलर गुंडाळून आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून उभे होते. हातात नारिंगी रंगाची एक प्लॅस्टिकची तबकडी होती. "चल," ते म्हणाले. "एकट्यानं खेळलेलं धरत नाहीत."

त्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. लहान मुलं बागेत एकमेकांकडे तबकडी फेकतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त ही डिस्क जरा लहान, वजनदार आणि कडेला पातळ असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढे फेकायची, असं करत करत शेवटी एका लोखंडी टोपलीत घालायची. टोपली खांबाला अडकवलेली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. डिस्क साखळ्यांना लागली की खळ्ळ असा आवाज होऊन टोपलीत पडते, निदान पडावी अशी अपेक्षा असते. क्युपर्टिनोच्या पश्चिमेच्या डोंगरात एक पार्क होतं, त्यातल्या जंगलात अशा अठरा टोपल्या होत्या. जितक्या कमी फेकी तितकं चांगलं, आणि एकेका टोपलीला तीन धरलेल्या. अठरा त्रिक चोपन्न.

हा चोपन्नाचा आकडा लक्षात ठेवावा लागेल. मला पुढची पाच वर्षं दुसरं काही लक्षात ठेवावं लागलं नाही.

खेळायला येणारी बाकीची मंडळी म्हणजे दंड गोंदवून घेतलेली, बरोबर कुत्री आणणारी तरुण पोरं. त्यांच्या पिशव्यांत पंधरा-पंधरा डिस्का असायच्या. लांबची वेगळी, जवळची वेगळी, डावीकडे वळणारी वेगळी. काकांकडे एकच. "माणूस तोच, हात तोच, मग डिस्का पंधरा कशाला?" असं ते विचारायचे, आणि ती पोरं आपापल्या पिशवीत डोकावून बघायची. ती त्यांना प्रोफेसर म्हणत. काका प्रोफेसर नव्हते. सांता क्लाऱ्यातल्या एका कंपनीत वीस वर्षं ते दुसऱ्यांनी आखलेल्या चिपमधल्या चुका शोधत होते. कंपनीत त्यांचा बराच दबदबा होता आणि त्यांच्या टेबलावर जेवायला कोणी बसत नसे.

चूक शोधायची ही सवय त्यांनी जंगलातही सोडली नव्हती, फक्त तिथे ते स्वतःच्या शोधायचे. पाचव्या टोपलीच्या वाटेत एक ओढा होता. डिस्क ओढ्याच्या हद्दीत पडली तर एक फेक दंड. ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असायचा आणि हद्द म्हणजे नुसती दगडांची ओळ. डिस्क त्या ओळीवर पडली की काका इस्त्रीच्या शर्टासकट पोटावर झोपून, एक डोळा मिटून बघायचे. "अर्धा इंच आत आहे." मागून येणारी पोरं म्हणायची, जाऊ दे रे प्रोफेसर, कोण बघतंय? काका शर्टावरची माती झटकत एक दंड वाढवायचे.

डिस्क जिथे पडेल तिथे काहीतरी खूण ठेवायची आणि खुणेच्या मागे पाय ठेवून पुढची फेक करायची, असा नियम आहे. पाय खुणेच्या पुढे गेला तर चूक. बाकीचे खुणेला चिमुकली डिस्क ठेवायचे. काका खिशातून रुमाल काढायचे, रुमालातून सुपारी काढायचे आणि ती गवतावर ठेवायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काका, सुपारी?"

"पूजेला बायको हजर नसेल तर नवऱ्यानं काय करायचं असतं?"

"कमरेला सुपारी लावायची."

"मग?"

एवढंच स्पष्टीकरण मिळालं. मग ते सुपारीकडे बघून पुटपुटले, "ही इथे, मी मागे," आणि डिस्क फेकली. प्रत्येक फेकीच्या आधी ते हेच म्हणायचे.

एकदा चौदाव्या टोपलीपाशी एका खारीनं ती सुपारी पळवली. काका डिस्क मागे नेऊन एका पायावर झुकलेले, आणि खार समोरून सुपारी तोंडात धरून ओकच्या झाडावर. काका तसेच उभे राहिले. पाय हलवला तर नेमकी जागा हरवली असती. खारीनं फांदीवर बसून दोन चावे घेतले आणि सुपारी खाली टाकून दिली. मी ती आणून दिली. दातांच्या खुणा उमटल्या होत्या. "हिला असं सहज कोणी चावू शकत नाही," काका समाधानानं म्हणाले आणि मला विचारून सुपारी पुन्हा मूळ जागी ठेवली.

आधीच्या मुलाच्या अंगावर पुरळ कशानं उठलं तेही मला पहिल्याच दिवशी समजलं. त्या जंगलात पॉयझन ओक नावाची झुडपं माजली होती. तीन-तीन पानांची, वसंतात तकतकीत हिरवी, उन्हाळ्यात तांबूस, बघणाऱ्याला वाटावं किती छान. पान अंगाला नुसतं घासलं तरी पंधरा दिवस खाजवत बसायचं. त्याचा चीक कपड्यांना लागतो, कपड्यांवरून खुर्चीला, खुर्चीवरून दुसऱ्याला. त्यामुळे खेळून आल्यावर घरात एकदम शिरायचं नाही. गराजमध्ये कपडे काढून थेट मशिनमध्ये टाकायचे, डिस्क साबणानं धुवायची, टॉवेल गुंडाळून कशालाही न शिवता बाथरूमपर्यंत जायचं. दाराची मूठ काका कोपरानं उघडायचे. ज्या माणसानं तीस वर्षांत जानवं घातलं नव्हतं तो दर शनिवारी असं कडक सोवळं पाळायचा. मी एकदा टॉवेलवर असताना वाजणारा फोन उचलला, तर त्यांनी तो फोन स्पिरिटनं पुसून काढला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच जंगलात लॉरेलची झाडंही होती. पान चुरगळलं की तमालपत्राचा वास. काकांनी मला न सांगता ओंजळभर पानं खिशात टाकली. संक्रांतीला आमच्या भागातल्या मराठी लोकांचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा होता. काकांनी चाळीस माणसांचा मसालेभात केला आणि त्यात आठ पानं घातली. आता आपलं तमालपत्र आणि हे कॅलिफोर्नियातलं पान यांत फरक आहे. हे पान फार जहाल असतं. अर्ध्या तासात हॉलमध्ये निम्मे लोक कपाळ धरून बसले. एक डॉक्टरबाई डोळे पुसत सगळ्यांना पाणी प्या, पाणी प्या सांगत फिरत होत्या. वांग्याचं भरीत आणणाऱ्या बिचाऱ्या एका बाईंवर सगळ्यांचा संशय होता, कारण भरीत जरा कडवट होतं.

काका उठले, स्टेजवर गेले आणि एका मुलीच्या हातातला माइक घेतला. ती तेव्हा गाणं म्हणत होती. "भरीत निर्दोष आहे," काका म्हणाले. "चूक माझी आहे. आठ पानं. एक पुरलं असतं." माइक परत देऊन ते खाली आले आणि राहिलेला भात एकटे जेवू लागले.

मी हे सगळं अशासाठी सांगतोय की त्या माणसाला चूक लपवताना मी कधी बघितलं नव्हतं. नसलेली चूक मात्र एकदा दाखवताना बघितलं, आणि तेव्हा मी गप्प बसलो.

काकू साताऱ्याला असायच्या. सत्तावीस वर्षं त्या इथेच होत्या. मुलगी लग्न होऊन टेक्सासला गेली, आणि तिकडे काकांच्या आईनं अंथरूण धरलं. काकू तिची सेवा करायला गेल्या. दोन वर्षांनी म्हातारी वारली, तेव्हा काकूंनी कळवलं की मी आता तिकडे येत नाही, तुम्हीच इकडे या. काका म्हणाले, येतो. काकूंनी विचारलं, कधी? काका तेव्हा नुकतेच या खेळाला लागले होते. ते म्हणाले, "चोपन्न झाले की."

काकूंना आधी वाटलं वयाचं बोलतायत, पण ते तर उलटून गेलं होतं. मग खेळाचं आहे हे समजल्यावर त्यांनी नियमांचं पुस्तक मागवून घेतलं. पाठोपाठ जंगलाचा नकाशाही मागवला. काकांनी तो चिप आखावी तितक्या बारकाईनं काढून पाठवला.

दर शनिवारी संध्याकाळी आठला, म्हणजे साताऱ्यात रविवारची सकाळ, काका कॉलिंग कार्डाचे ढीगभर आकडे दाबून फोन लावायचे. फोन स्पीकरवर असायचा, कारण साक्षीदार हजर पाहिजे.

"जेवलात का?"

"जेवलो."

"किती झाले?"

"एकसष्ट."

"सहाव्याला काय केलंत?"

"लॉरेलवर आपटली."

"परत? अहो, डावीकडून घ्या म्हटलं होतं ना मी!"

काकूंनी ते जंगल डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण कुठलं झाड कुठे आहे, तेराव्याला उतार किती, सगळं त्यांना पाठ. शेवटी त्या मला विचारायच्या, "काय रे, खरे ना एकसष्ट?" मी हो म्हणायचो. मग, "पाऊस आहे का तिकडे?" आणि फोन संपायचा.

मी आलो तेव्हा एकसष्ट हा काकांचा सर्वांत चांगला आकडा होता. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न झाले. त्याच्या पुढच्या वर्षी छप्पन्न. मी आपला दर वेळी टाळ्या वाजवायचो. बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं की आकडा जसा खाली येतोय तसा काकांचा चेहराही उतरतोय. छप्पन्न झाले त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. कपाटावर दोन नव्या कोऱ्या सुटकेसी ठेवलेल्या होत्या, त्यांवर त्यांनी चादर टाकली.

२००५ च्या ऑक्टोबरमधला एक शनिवार. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, जमीन मऊ होती, झाडांवरून पाणी टपकत होतं. सहाव्याला डिस्क लॉरेलच्या डावीकडून अलगद गेली. पाचव्याला ओढ्यात गेली नाही. सतरा टोपल्या झाल्या तेव्हा एक्कावन्न झाले होते. अठराव्याची दुसरी फेक टोपलीपासून अडीच पावलांवर येऊन थांबली.

एवढ्या अंतरावरून मीसुद्धा चुकत नाही, आणि मी किती वाईट खेळतो हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. काकांनी सुपारी ठेवली. "ही इथे, मी मागे." मग ते बराच वेळ उभे राहिले. मुद्दाम चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हात आपला सरळ गेला, साखळ्या वाजल्या, डिस्क टोपलीत पडली.

मी ओरडलो. मागून येणारी पोरं ओरडली. एकानं काकांना मिठी मारली, तेव्हा काकांनी हात खाली सोडून ठेवले होते. मग त्यांनी डिस्क उचलली, सुपारी रुमालात बांधली आणि मला म्हणाले, "अकराव्याला माझा पाय सुपारीच्या पुढे होता."

"नव्हता, काका."

"होता. एक वाढव. पंचावन्न."

पाय पुढे नव्हता. अकराव्याला मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. ओल्या मातीत गमबुटाचा ठसा उमटला होता, सुपारीच्या मागे, चांगला चार बोटं मागे. मी तो बघितला होता.

संध्याकाळी फोन लागला.

"पंचावन्न," काका म्हणाले.

"अगं बाई! एक कुठे गेला?"

"अकराव्याला. पाय पुढे पडला."

स्पीकरमधून कागद उलगडल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "अरे, तू सांग. खरंच पुढे होता का पाय?"

काका सिंकपाशी उभे राहून एक आधीच धुतलेली वाटी धूत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीकडे बघून मला खरं बोलायचा धीर झाला नाही. आणि दुसरंही सांगून टाकतो, काका गेले असते तर माझी खोली गेली असती. मी म्हटलं, "काकू, मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो."

"बरं," काकू म्हणाल्या. "पाऊस आहे का तिकडे?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

पुढच्या शनिवारी डोंगर चढताना काका गाडीत आपणहून बोलले. ते समोर रस्त्याकडे बघत होते. "आईचं शेवटचं आहे असं कळलं तेव्हा आमची एक चिप फॅक्टरीत पाठवायची होती. चार दिवसांचं काम होतं. मी म्हटलं, एवढं उरकून निघतो. चाराचे बारा झाले. तेराव्याच्या जेवणाला पोचलो. पंगत बसली होती. मलाही वाढलं."

मी खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

"ती चिप पुढे निघालीच नाही. कंपनीनं रद्द केली," काका म्हणाले. "आईचं सगळं हिनं केलं. हगणं-मुतणं काढलं. त्या घरात मी कुठल्या तोंडानं जाऊन राहू?"

त्यानंतर दीड वर्ष काकांचे साठच्या खाली कधी आले नाहीत. तेही मुद्दाम नव्हे. हातच गेला. फोन चालूच होते. काकू पूर्वीसारख्याच सहाव्याची, तेराव्याची चौकशी करायच्या. अकराव्याचं नाव मात्र काढायच्या नाहीत.

२००७ च्या एप्रिलमध्ये त्या एकट्याच आल्या. अंगानं लहानशा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट. गुरुवारी उतरल्या. शुक्रवारी त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढून पुन्हा लावली. शनिवारी पावणेसहाला माझ्या दारावर टकटक झाली ती त्यांची. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला नकाशा होता. सात वर्षांत घड्यांवर फाटून तो चिकटपट्टीनं जोडलेला होता.

पहिल्या दहा टोपल्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही. सहाव्याच्या लॉरेलपाशी तेवढ्या थांबल्या आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्या झाडाकडे बघून घेतलं. काकांचं सगळंच बिनसलं होतं. एकदा तर डिस्क मागे गेली. ती मागे कशी जाऊ शकते हे मला अजून कळलेलं नाही.

अकराव्याला काका सुपारी ठेवून वाकले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा. ती चोपन्नाच्या दिवशी इथेच होती?"

"पंचावन्नाच्या," काका म्हणाले.

"जरा डावीकडे होती," मी म्हटलं.

काकूंनी सुपारी उचलून जरा डावीकडे ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "ये. त्या दिवशी यांचा पाय कुठे होता, तिथे तू उभा राहा."

"काकू, मी नाडी..."

"तू ज्या बुटांनी यांच्याबरोबर जातोस ते तुझ्या पहिल्याच वर्षी तुम्ही दोघांनी नवे जोड म्हणून एकदमच घेतलेत. गमबूट. मला फोनवर किमतीसकट सांगितलं होतंत. गमबुटाला नाडी नसते रे."

मी खाली बघितलं. माझ्या पायात गमबूट होते. दीड वर्षात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काका एका ओकच्या झाडाकडे टक लावून बघत होते. मी पुढे झालो आणि उजवा पाय सुपारीच्या मागे ठेवला, चार बोटं सोडून. जागा बरोबर आहे ना म्हणून पुन्हा एकदा बघितलं आणि मग पायावर भार दिला.

"तू किंवा आणखी कोणी तेव्हा यांना चूक सांगितली होती का?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"अहो, पुस्तक तुम्हीच पाठवलंत. पायाची चूक बरोबरच्यानं तिथल्या तिथे सांगायची आणि आणखी एकानं ती खरी म्हणायची. आपली आपण सात टोपल्या पुढे जाऊन नाही सांगायची."

"माझं मला माहीत असतं," काका म्हणाले.

"काही माहीत नसतं तुम्हाला." काकूंचा आवाज चढला नाही. "दुसरीही एक चूक सात वर्षं धरून बसलात. ती तरी कोणी सांगितली होती? आईंनी नाही, मी नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांची शुद्ध येऊन-जाऊन होती. शुद्ध आली की विचारायच्या, तो जेवला का. दुसरं काही नाही. मी होते तिथे. तुम्ही नव्हता. मग तुमचं धरायचं की माझं?"

काकांनी चष्मा काढला. सुपारीच्या रुमालानं तो पुसला, घातला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. मागून आलेली दोन पोरं कुत्र्याचा पट्टा धरून अदबीनं लांब थांबली होती. मी गमबूट तसाच ठेवून उभा होतो, कारण हलवावा की नाही हे मला कोणी सांगत नव्हतं.

"तुझं," काका शेवटी म्हणाले.

काकूंनी वाकून सुपारी उचलली, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि ती पर्समध्ये टाकली.

"मग खूण कशानं करू?" काकांनी विचारलं. त्यांना खरोखरच काळजी पडली होती.

"मी उभी राहते की. माझ्या मागून फेका."

आणि त्या खरोखर उभ्या राहिल्या. अकरा ते अठरा, डिस्क पडेल तिथे जाऊन काकू दोन्ही हातांत नकाशा धरून उभ्या राहायच्या, काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे, काकू मान खाली घालायच्या आणि डिस्क त्यांच्या अंबाड्यावरून जायची. त्या दिवशी एकूण त्र्याऐंशी झाले. संध्याकाळी फोन नव्हता, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

डिसेंबरमध्ये घर विकून दोघं गेली. सुटकेसींवरची चादर मीच काढली. विमानतळावर काकांनी मला ती नारिंगी डिस्क दिली. हरवली तर सापडणाऱ्यानं फोन करावा म्हणून तिच्या पाठीवर नंबर लिहिलेला असतो. आपला नंबर खोडून त्यांनी माझा लिहिला होता, सुवाच्य अक्षरात. "लॉरेलच्या डावीकडून," ते म्हणाले आणि काकूंच्या मागोमाग आत गेले.

मी सांता क्लाऱ्याला एका अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. शनिवारी पहाटे जाग यायची सवय काही गेली नाही. मीही आईला गेली सहा वर्षं सांगत आलो होतो की ग्रीन कार्ड एकदा हातात पडलं की मी मोकळा, मग अकोल्याला परत येतो. २००८ च्या मार्चमध्ये कार्ड आलं. ते मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं आणि आईला काही बोललो नाही.

जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आठला मी साताऱ्याला फोन लावला. काकूंनी उचलला. काका सकाळी किल्ल्यावर फिरायला जातात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांनी सात चुका काढल्यात आणि लिफ्टवाला आता त्यांना बघून जिन्यानं जातो, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "तुझे किती झाले?"

"छप्पन्न."

"अरे वा! बरोबर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

मागून काकांचा आवाज आला, "मग धरत नाहीत, म्हणावं."

"ऐकलंस ना?" काकू हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या आईला तू काय आकडा सांगितला आहेस रे?"

उन्हाळ्यामुळे आठ वाजले तरी खिडकीबाहेर अजून उजेड होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी म्हटलं, "काकू, इथे पाऊस सुरू झालाय."

जूनमध्ये इथे पाऊस पडत नाही, हे सत्तावीस वर्षं इथे काढलेल्या बाईला माहीत होतं.